चाळून भरलेली माती

भरीत दिसलं की मी ताट बाजूला सारतो, यावरून तुम्ही मला फार छळता. तर आज कारण ऐकाच.

सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात पूर्वी कुणीतरी कारखान्याचा कचरा पुरला होता. तिथल्या मातीत शिसं किती आहे ते तपासायला मी आणि आमच्या लॅबमधला सलीम शेख गेलो होतो. खड्डा खणून, नाक दाबून पिशव्या भरल्या आणि शेजारच्या शेतातल्या काकूंच्या ओट्यावर ठेवल्या. काकूंनी आग्रहाने भरीत-भाकरी वाढली. सलीमने तर भरीत तीनदा मागून घेतलं.

रिपोर्ट आला, शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. आम्ही सांगायला गेलो.

"काकू, त्या खड्ड्यातली माती फार वाईट निघाली हो."

"खड्ड्यातली? ती मी तवाच फेकली! पुण्याची माणसं आपल्या गावची माती न्यायला आली, त्यांना काय असली घाण द्यायची? तुम्ही जेवून झाडाखाली लवंडला, तवा माझ्या वांग्याच्या वाफ्यातली चांगली चाळून भरली."

सलीमने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पोटाकडे.

"काकू, हात जोडतो, आता ती वांगी खाऊ नका."

"काय हुतंय? इतकी वर्षं खातोय आम्ही. चला, हात धुवा, आजबी भरीतच हाय."

मी सबब शोधत होतो. सलीम मात्र ताडकन म्हणाला, "नको काकू, माझी आज संकष्टी आहे."