कोंडीराम पगारे यांचा सहा खणांचा स्टँड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे चेअरमनसाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने पण मोठ्या मनाने बसलेले संचालक मंडळ, कार्यकारी संचालकसाहेब, युनियनचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती श्री. कोंडीराम पगारे, त्यांच्या सौभाग्यवती भामाबाई, शाळेतून रजा काढून सावेडीहून खास आलेली त्यांची कन्या वृषाली, आणि पंखे तीनच असूनही शांत बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, ते आपण पाहिलंच. इलेक्ट्रिक विभागातल्या पगारेंच्या बत्तीस वर्षांच्या सेवेचा गौरव त्यांनी केला. मी, आपल्या ऑफिसचा हेडक्लार्क कल्याण ढाकणे, फक्त एका स्टँडविषयी बोलणार आहे. चेअरमनसाहेब हसले, म्हणजे परवानगी आहे असं समजतो.

गेल्या गळिताच्या सुरुवातीला, अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात, कारखान्यात चार वॉकीटॉकी सेट आले. गेटला एक, उसाच्या गव्हाणीला एक, मिल हाऊसला एक, पॉवर हाऊसला एक. त्याच महिन्यात चेअरमनसाहेबांनी मोबाईल घेतला. आपल्या आवारात त्याला रेंज नव्हती; पाण्याच्या टाकीवर चढलं तर एक काडी दिसायची. त्यामुळे तो वापरला कधीच जात नसे, चार्ज मात्र रोज होत असे. शिवाय कार्यकारी संचालकसाहेबांचं दाढीचं मशीन. अशी सहा यंत्रं, सहा चार्जर, आणि माझ्या टेबलामागे प्लग एकच. गोंधळ किती व्हावा? एके दिवशी गेटवरचा वॉचमन साहेबांचं दाढीचं मशीन उचलून घेऊन गेला आणि तासभर त्यात ‘हॅलो, हॅलो’ करत होता. पलीकडून नुसती घरघर येते, अशी त्याने लेखी तक्रारही केली.

मी पगारेंना बोलावलं. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, पण तेव्हा मी त्यांना अरे-तुरेच करत असे. म्हटलं, “कोंडीराम, टेबलावर राहील असं काहीतरी साधं करून दे.”

त्यांनी प्रत्येक यंत्र कागदावर उभं करून भोवती पेन्सिल फिरवली. आधी पुठ्ठ्याचा स्टँड केला, माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन दिवस कोपऱ्यात उभे राहून नुसते बघत राहिले.

“काय बघतोस रे?”

“मानसं कोन्या हातानं ठिवत्यात ते बघतोय, साहेब. उभं ठिवलं तर पडतंय, आडवं ठिवलं तर दिसत न्हाई. जरा तिरकंच पायजे.”

तिसऱ्या दिवशी सागवानाच्या तुकड्यांचा तिरका स्टँड आला. सहा खण. प्रत्येक खणाला मागून वायरपुरतं भोक, सगळे चार्जर मागच्या जाळीच्या पेटीत, एक स्विच, एक फ्यूज. खणाखणावर बारीक बत्ती. करंट खरोखर बॅटरीत शिरला तरच ती लागणार. इतका साधा की कौतुक करायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मंडळाच्या बैठकीत एका माननीय संचालकांनी, नाव घेत नाही, ते इथेच आहेत, प्रश्न केला की चेअरमनसाहेबांचा मोबाईल वॉचमनच्या सेटला खेटून कसा? पगारेंना बोलावून विचारलं, पहिला खण कोणाचा?

पगारे म्हणाले, “खनांना नंबर न्हाईत, साहेब. ज्याची बॅटरी उतरली त्यानं आधी ठिवायचं.”

हे उत्तर मंडळाला उद्धट वाटलं. सात जणांची स्टँड समिती नेमली गेली. सचिव मी. समितीने ठरवलं की संचालक एकवीस, तर खण एकवीस. चेअरमनसाहेबांचा खण सर्वांहून वीतभर उंच. व्हाईस चेअरमन म्हणाले, आमचा अर्धी वीत तरी. मग मजले आले, कमान आली, कमानीवर उसाची दोन पितळी कांडी आली. ज्यांच्याकडे चार्ज करण्यासारखं काहीच नव्हतं, त्या संचालकांनीही आपले खण सोडले नाहीत. एकट्या रतनबाईंनी मोकळेपणाने सांगितलं, “माज्याकडं असलं काय बी न्हाई. मी आपला चष्मा ठिवीन.” बाई आजही तोच चष्मा लावून बसल्या आहेत.

गणपतीची मखरं करणाऱ्या कारागिराने तो स्टँड घडवला. टेबलावरचा स्टँड टेबलाहून मोठा झाला, म्हणून नवं टेबल आलं. टेबल दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. फीत कापली. खाली पाटी लागली. तिच्यावर मंडळाची, समितीची आणि कारागिराची नावं होती. पगारेंचं नव्हतं. मजकूर मीच टाइप केला होता, तरी माझ्या लक्षात आलं नाही. आणि ठराव झाला की जुना स्टँड भंगारात काढावा.

चार दिवसांनी पगारे माझ्याकडे आले. “साहेब, दिवं लागत्यात, पन बॅटरी भरंना. खनातल्या पितळी पट्ट्यांना चकाकी यावी म्हनून वॉर्निश मारलंय, त्यातनं करंट जात न्हाई. अन दिवं थेट लायनीवर जोडल्यात. खन मोकळा असला तरी लागतंय.”

मी विचारलं, “दिवा लागतोय ना? मग झालं.”

बंधू-भगिनींनो, हे वाक्य माझं आहे.

पगारे वाद घालत बसले नाहीत. भंगारातला आपला स्टँड त्यांनी इलेक्ट्रिक रूममध्ये नेला आणि गेट, गव्हाण व पॉवर हाऊसचे सेट तिथे भरू लागले. मिल हाऊसचे फोरमन मात्र शिस्तीचे. ते आपला सेट अधिकृत स्टँडच्या एका रिकाम्या खणातच ठेवत आणि लाल दिवा बघून समाधानाने जात.

जानेवारीत ही गोष्ट उघडकीला आली. पगारेंना मेमो गेला. आरोप: अनधिकृत चार्जिंग. सही माझी.

चौकशी चेअरमनसाहेबांच्या दालनात भरली. पुरावा म्हणून पगारेंचा स्टँड टेबलावर ठेवला होता. पगारे म्हणाले, “साहेब, पुरावा बंद ठिवला तर गेटचा सेट उपाशी ऱ्हाईल.” म्हणून पुरावा प्लगला जोडला. गेटचा सेट त्यात बसवला. मी पहिला प्रश्न विचारणार, इतक्यात पुराव्यातून गव्हाणीच्या पुंजारामचा आवाज आला.

“मिल हाऊस, मिल हाऊस! क्यारिअर बंद करा! बाई पडली! अरे बोला की कुनीतरी!”

मिल हाऊस बोलेना. त्यांचा सेट मेलेला होता. क्यारिअर, म्हणजे ऊस वाहणारा पट्टा, थेट कटरमध्ये जातो, हे इथल्या लेकराला ठाऊक आहे. दालनात आम्ही अकरा जण होतो. चेअरमनसाहेब, माफ करा, आपण मोबाईल काढून ‘हॅलो’ म्हणालात. मी फाईल छातीशी धरून उभा राहिलो. पगारेंनी पुराव्यातून सेट उपसला.

“पॉवर हाऊस, कोंडीराम बोलतोय. क्यारिअरचा फीडर पाड. इचारू नको. पाड!”

दालनाची लाइटही त्याच फीडरवर होती, तीही गेली. पट्ट्याचा खडखडाट थांबला. आम्ही धावलो. गाडीतल्या मोळ्या सोडताना दोर पायात अडकून पाथर्डीकडच्या भागूबाई पट्ट्यावर गेल्या होत्या. कटर तीन हातांवर होता. वर काढलं तेव्हा घोटा सुजलेला, बाकी धडधाकट. पगारेंनी त्यांना पाणी दिलं. भागूबाई म्हणाल्या, “माझा कोयता आतच ऱ्हायला ना बाबा, तो काढा आधी.”

मग आम्ही दालनात परतलो.  पगारेंनी सेट पुसून खणात ठेवला, आरोपीच्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, “हां साहेब, इचारा. कुठवर आलं हुतं?”

मी पेन उघडलं. इतिवृत्तात लिहिलं, ‘वीजपुरवठ्याअभावी चौकशी तहकूब.’ ती अजून तहकूबच आहे. म्हणजे कागदोपत्री पगारे आज आरोपी म्हणून निवृत्त होत आहेत.

मोठा स्टँड सध्या गेस्ट हाऊसमध्ये आहे. त्यावर पाण्याचे ग्लास ठेवतात. एकवीस दिवे अजून लागतात. पगारेंचा स्टँड माझ्या टेबलावर आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. अध्यक्षांचा मान, संचालकांची नावं, वेळेचं बंधन, यांत काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. त्या मेमोवरची सही मात्र चुकून झालेली नव्हती. माझं पेन होतं, माझा हात होता, आणि दिवे खोटे आहेत हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. त्याची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. पगारेसाहेब, ती तुमच्याकडे मागतो. जय भीम.