हिरवाई पक्षाला मिळाली करवत

करवत! अहो हसताय काय? झाडं वाचवायला निघालेल्या पक्षाला निवडणुकीच्या हापिसातनं चिन्ह मिळालं करवत! दात असलेली, लाकडी मुठीची, सुताराची करवत! मागितलं होतं झाड... ते नाही म्हणाले. पान मागितलं, तेही नाही. मग यादीत उरलं काय, तर रोडरोलर, शेगडी आणि करवत. रोडरोलर घ्यावा तर डांबराची जाहिरात, शेगडी घ्यावी तर धूर... घेतली करवत! आणि तुम्हाला सांगतो, ती करवत पहिल्यांदा कोणावर चालली असेल तर आमच्या गोरक्षावर.

गोरक्ष आमचा शेजारी. मूळचा खाली गोदावरीकाठच्या सायखेड्याचा, पण गंगापूर रोडला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, श्रद्धांजली, दहावीचं यश, 'भावी नगरसेवक', निवडून आल्यावर 'भावी' खोडलेले आणि पडल्यावर परत लावलेले... सगळे त्याच्या मशिनीतून बाहेर पडायचे. दुकानात येणारा प्रत्येक जण साहेब. कोणी विचारलं, 'गोरक्षभाऊ, तुम्ही कुठल्या पक्षाचे?' तर हा म्हणायचा, 'आपण दहा बाय वीसचे!' असा हा सज्जन माणूस. निवडणूक म्हणजे त्याची दिवाळी. आणि नेमक्या त्या दिवाळीत त्याची बायको उभी राहिली! तीही कुठल्या पक्षातून, तर ज्याचा पहिला नियम 'फ्लेक्स लावणार नाही'! आता गोरक्षाने करायचं काय, तुम्हीच सांगा!

तशी हर्षालीवहिनी शांत बाई हो. घरी शिकवणी घेते, भूगोलाची. पण झालं असं, की आमच्या कॉलनीमागे नाला आहे. आहे म्हणजे, वासावरून आहे. तर आमचे नगरसेवक राकेशभाऊ, त्यांनी जाहीर केलं की नाल्यावर स्लॅब टाकणार आणि वर पार्किंग करणार. टाळ्या! कॉलनीत प्रत्येकाकडे दीड गाडी, टाळ्या पडणारच. एकटी हर्षालीवहिनी उठली आणि विचारलं, 'पावसाचं पाणी कुठं जाणार?'

राकेशभाऊ म्हणाले, 'वहिनी, ते इंजिनियर बघतील ना!'

गेली इंजिनियरकडे. इंजिनियर म्हणाले, 'मॅडम, ते वरून ठरतं.'

ही म्हणाली, 'पाऊसही वरूनच येतो.'

झालं! गेल्या पावसाळ्यात नाला उघडा असतानाच पाणी आमच्या जिन्यात शिरलं होतं, तळमजल्यावरच्या लोकांचे गहू तरंगत होते, ते कोणालाच आठवेना. हिला आठवत होतं. घरोघर सांगत सुटली, आणि सांगता सांगता तिला हिरवाई पक्षवाले सापडले. पक्ष म्हणजे काय हो... एक निवृत्त दातांचे डॉक्टर, एक दुर्बीण घेऊन पक्षी बघणारे गृहस्थ, आणि दोन बायका, ज्या ओला कचरा या विषयावर अडीच तास बोलू शकतात. त्यांनी हिला पाहिलं आणि म्हणाले, 'ताई, तुम्हीच!'

गोरक्षाला कळलं दुकानात. कसं? राकेशभाऊ स्वतः आले. एरवी आले की खुर्चीत बसायचे, या वेळी उभेच राहिले. म्हणाले, 'गोरक्षभाऊ, वहिनी आमच्यासमोर उभ्या राहणार आणि आम्ही आमचं तोंड तुमच्याकडं छापायचं? बरं दिसतं का?' आणि गेले ना पलीकडच्या दुकानात! त्यांच्यामागे त्यांचे कार्यकर्ते गेले, कार्यकर्त्यांमागे कार्यकर्त्यांचे वाढदिवस गेले. आणि बाकीचे पक्ष? ते म्हणाले, 'तुमच्या घरात उमेदवार आहे, आमची घोषणा फुटेल!' ऐन निवडणुकीत मशीन थंड! बाहेर रस्त्यावर सगळ्यांचे चेहरे, आणि ज्याने ते चेहरे गोरे करून करून दिले तो आत पंख्याखाली बसून माशा मारतोय.

घरी आला तर हॉलमध्ये जुन्या साड्या पसरलेल्या. हिरवाई पक्षाचं बॅनर! हर्षाली पोटरीवर पडलेली शाई पुसत म्हणाली, 'अहो, हे चित्र जरा बघता का? करवत सुसरीसारखी दिसतेय.'

आता गोरक्षाने करायचं काय, तुम्हीच सांगा! रागावला होता हो तो. भयंकर रागावला होता. पण वाकडी रेघ बघवत नाही त्याला. बसला खाली मांडी घालून आणि सगळी करवत नीट काढून दिली, एकेक दात.

आणि प्रचार कसा? पायी! गाडी नाही, डीजे नाही. वहिनी पुढे, दातांचे डॉक्टर मागे, पक्षीवाले अधूनमधून वर बघत. लोक तरी काय एकेक! आमचे सोसायटीचे चेअरमन म्हणाले, 'मॅडम, झाडं मला प्रचंड आवडतात हो. फक्त पानं फार पडतात.' एक बाई म्हणाल्या, 'चिमण्या वाचवा, पण गाडीच्या बोनटवर नको.' आणि चंदरकाकांनी तर वहिनीला घरात बोलावून चहा पाजला, म्हणाले, 'तुम्हालाच मत! करवत बघूनच ठरवलं मी. माझ्या गेटवरचा तो गुलमोहर आधी घ्या!' आता यांना सांगायचं काय? वहिनी सांगायला लागली, तर डॉक्टर कानात म्हणाले, 'ताई, मत आहे, राहू द्या.' वहिनीने नाही राहू दिलं! परत बसली आणि तासभर गुलमोहर समजावला. मत गेलं. गुलमोहर राहिला.

असं बोलून बोलून तिचा घसा बसला. साफ बसला. आणि शेवटची सभा कॉलनीच्या बागेत, संध्याकाळची, खुर्च्या मांडलेल्या, लोक आलेले. कशाला आले, तर पलीकडे राकेशभाऊंच्या सभेला गर्दी फार होती आणि इथे डास कमी होते.

त्या दिवशी सायखेड्याहून गोरक्षाची आई आली होती, कुसाबाई. सून उभी राहिली म्हणून मेथीच्या जुड्या घेऊन आली. त्या जुड्या कशात गुंडाळल्या होत्या, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वहिनी माईकपुढे उभी राहिली आणि... फुस्स. आवाजच नाही! पुन्हा प्रयत्न केला. फुस्स. मग डॉक्टर उठले आणि त्यांनी जैवविविधतेवर बोलायला सुरुवात केली. बेडकाच्या पोटात काय असतं इथपर्यंत आले, आणि मागच्या रांगा हळूच उठायला लागल्या. वहिनीने गोरक्षाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो, बोलायला आवाज कुठे होता? डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. एवढं पायी फिरून शेवटी बेडकापाशी संपायचं?

आता गोरक्षाने करायचं काय? उठला! आयुष्यात माईकची वायर जोडण्यापलीकडे माईकशी संबंध नाही त्याचा. तो धरला आणि म्हणाला, 'मी... मी गोरक्ष. तुमचे सगळ्यांचे वाढदिवस मीच छापलेत.'

लोक हसले. उठलेले बसले.

'मला पक्षाबिक्षाचं कळत नाही. मला फ्लेक्सचं कळतं. "विकासासाठी कटिबद्ध" ही ओळ मी पहिल्यांदा टाईप केली तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. त्यानंतर मी ती टाईपच केलेली नाही! तीच आहे. फोटो बदलतो, नाव बदलतो, मागचा रंग बदलतो. एकदा रंग बदलायचा राहिला, तर उमेदवाराच्याही लक्षात आलं नाही!'

काय हशा पिकला म्हणता! राकेशभाऊंच्या सभेतले दोनचार जण कुंपणावरून डोकवायला लागले. गोरक्षाला चेव आला. म्हणाला, 'आणि निकाल लागला की हे सगळे फ्लेक्स जातात कुठं? मी कधी विचारलं नाही. आपलं काम छापायचं. ते फाटतात, नाल्यात पडतात, नाल्यातून गोदावरीत जातात, आणि...'

'आन माह्याकडं येत्यात!' मागून आवाज. कुसाबाई!

उठली ती, मेथी खाली ओतली आणि ज्यात मेथी गुंडाळली होती ते उलगडलं. फ्लेक्स! त्यावर हात जोडून राकेशभाऊ! अर्धी मिशी म्हशीने खाल्लेली, पण नमस्कार शाबूत.

'ह्यो बाबा पुरात आला,' कुसाबाई म्हणाली. 'पाण्यावर माजलेल्या पानवेलीत अडकून बसला व्हता घाटाला. मी सोडवला, भुशावर झाकाया घेतला. ह्यो निवडून आल्यापून हितं आला नाय म्हणता ना तुम्ही? सायखेड्याला आला की!'

अहो, चेअरमन खुर्चीवरून घसरले! पण म्हातारी हसत नव्हती. थांबली, सगळे गप्प होईपर्यंत थांबली.

'हसू नका बाबांनो. तुम्ही हितं मोऱ्या सोडता, कारखाने सोडता, ते समदं माह्या दारावरून जातं. नदी हिरवीगार दिसती, लांबून वाटतं मळाच हे. समदी पानवेल! खाली पाणी हे का नाय, कळत नाय. माहा गोरख त्या पाण्यात पोहाया शिकला. आता मी वास येतो म्हून खिडकी लावून घेती. आन मला हितं मत नाय. माह्या वाटचं मत तुमच्याकडं हे.'

पलीकडच्या सभेचा डीजे तेवढा वाजत होता. गोरक्षाच्या हातात माईक तसाच. तुम्हाला सांगतो, दर दिवाळीला गावी जायचा तो, पण घाटावर किती वर्षांत उतरला नव्हता. आईने कधी तक्रार केली नव्हती, याने कधी खिडकी उघडून पाहिली नव्हती. माईक परत तोंडाशी धरून म्हणाला, 'बाकीचे सगळे पाच वर्षांपुरतं छापून घेतात. ही एकटी बाई विचारते, पाणी कुठं जाणार. माझं दुकान बसलं तिच्यापायी, तरी सांगतो, तिला मत द्या. करवतीचं बटण दाबा. आणि झाडं... झाडं तोडायची नाहीत हं!'

बसला खाली. वहिनीने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. लाजला हो बिचारा, पण सोडवून घेतला नाही.

मग? पडली! हरली वहिनी, राकेशभाऊच आले. काय वाटलं तुम्हाला, म्हातारीच्या एका भाषणाने प्रभाग बदलतो? पण आले कसे, तर धापा टाकत. फेरी फेरीला घाम पुसत होते. एवढी मतं करवतीला जातील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन दारात हजर! 'वहिनी, त्या स्लॅबचं तूर्त राहू दिलंय. नाला आहे तसाच ठेवू, तुमचं-आमचं वाकडं कशाला?'

वहिनीला आवाज परत आला होता. म्हणाली, 'तसाच नको. साफ हवा.'

राकेशभाऊ पेढ्याचा पुडा ठेवून गेले. गोरक्षाला वाटलं, सुटलो! दुकानासाठी एक कापड छापायचं मशीन बघून ठेवलं होतं, एक साखरपुड्याची ऑर्डरही आली होती, गाडी रुळावर येत होती... तेवढ्यात दातांचे डॉक्टर हार घेऊन दारात! म्हणाले, 'अभिनंदन! तुमच्या भाषणावर खूश होऊन आपण तुम्हाला हिरवाई पक्षाचं प्रभाग अध्यक्ष केलं. एकमताने!'

गोरक्ष म्हणाला, 'मी तर सभासदही नाही हो!'

'ते करून घेऊ. पहिली बैठक रविवारी सकाळी.'

'कुठं? नाल्यावर?'

'नाल्यात,' डॉक्टर म्हणाले. 'गमबूट पक्ष देईल.'

गोरक्षाने बायकोकडे पाहिलं. ती मुलांच्या भूगोलाच्या वह्या तपासत होती, वर बघतही नव्हती, पण हसत होती. आईकडे पाहिलं, तर ती राकेशभाऊंचा पेढा खात होती.

मग एक मोठा उसासा टाकून आमचे अध्यक्ष म्हणाले, 'आठ नंबर लागतो मला.'