दुपारी उतू जाणारी वीज

दवाखान्याच्या बाकावर निवृत्त ग्रंथपाल पुस्तक उघडून बसले होते. शेजारच्या नवराबायकोचं बोलणं कानावर पडू लागलं आणि त्यांचं पान काही उलटेना.

"अकरा वाजले. घरी बॅटऱ्या भरल्या असतील."

"भरू देत. तुम्ही आधी खाली बसा."

"आता संध्याकाळपर्यंत छपरावरच्या सोलरची सगळी वीज फुकट जाणार."

"मग डब्यात भरून आणायची होती! काल दोनदा कपडे धुतलेत. माझ्या नेसत्या साडीवरही डोळा होता तुमचा."

"वीज उतू जात असताना हात बांधून बसू?"

"दुपारी उतू जाते हो. आज डॉक्टर ऑक्सिजनचं मशीन लिहून देणार, ते रात्रभर चालवायचं. त्यापेक्षा मी लेकीकडे राहायला जाते. तिच्याकडे तारेवरची वीज आहे, रात्रीही असते."

"किती दिवस?"

"मशीन सुटेपर्यंत."

"ते सुटत नसतं, अगं."

"म्हणूनच म्हणते."

"हे बघ. पंप, इस्त्री, मिक्सर, सगळं दुपारीच उरकायचं. अंधार पडला की बॅटऱ्या फक्त तुझ्या मशीनला. मी मोजून पाहिलंय, सकाळपर्यंत पुरतात."

"आणि फ्रिज?"

"बंद."

"टीव्ही?"

"बंद. बातम्यांत असतं काय?"

"दिवे?"

"तेही बंद."

"म्हणजे तुम्ही रात्रभर अंधारात चाचपडणार?"

"अंधार कसला? त्या मशीनवर छोटा हिरवा दिवा असतो. परवाच दुकानात जाऊन बघून आलोय."