शेवंतानं दार काऊन उघडलं नाही

अठ्ठ्याऐंशीचा मार्च होता. बोथच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी दहावीच्या मराठीच्या पेपरला आदिलाबादला निघालेली एक मुलगी आणि तिला सोडायला आलेली तिची आई बसली होती.

“माय, गाईडातलं समदं इसरली मी.”

“कायचं?”

“मोठ्या प्रश्नाचं. धड्यातल्या शेवंतानं नवऱ्याले दार काऊन उघडलं नाही, ते.”

“काऊन उघडलं नाही?”

“टाकून गेला होता न तिले. लय वर्सांनं आला, अन् बाहेरूनच म्हने, जेवाले वाढ. लेकरं कशे हायेत, तेबी इचारलं नाही. मंग कायले उघडंल ते?”

“हे गाईडात हाय?”

“नाही. गाईडात ‘स्वाभिमानी स्त्री’ असं हाय.”

“अन् पेपरात काय इचारते?”

“‘तुमच्या शब्दांत लिहा.’”

“मंग आता मले सांगतलं तेच लिही न.”

“खरंच की वो माय! उगाच रडून राह्यली मी.”

बस आली. मुलगी हसतच चढली आणि खिडकीशी बसली. बस हलली तशी आई दोन पावलं बसच्या मागं धावली.

“वनमाला! मंग शेवटी उघडलं का तिनं?”

“नाही, माय!”

“बरं केलं बाईनं!”