शेडच्या छताला ऊब भरली त्याची गोष्ट

...नाही, पण मला सांगा, छपराखाली बसलेल्या माणसांवर पाऊस पडतोच कसा? बाहेर आभाळ निरभ्र, थंडी उणे वीस, आमच्या विस्कॉन्सिनचा फेब्रुवारी म्हणजे शिंक नाकातच गोठते, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये टप् टप् टप्! गेल्या वर्षीची गोष्ट सांगतोय. सासूबाईंचा, एल्फ्रीडाबाईंचा, एकोणनव्वदावा वाढदिवस. घरात साठ माणसं मावेनात म्हणून शेडमध्ये टेबलं मांडली, शेगडी पेटवली, माणसं बोलायला लागली, आणि पत्र्याला आतून धरलेला सगळा बर्फ वितळून खाली! मेणबत्त्या फुंकायच्या आधीच विझल्या! बटाट्याच्या सॅलडचं सूप झालं! सासूबाई डोक्यावर टेबलक्लॉथ घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, नव्वदाव्याला छत्री आणू की तुम्ही देणार?"

चाळीस वर्षं जावई आहे हो मी! लागलं मनाला.

बायको, आर्डिथ, म्हणाली, "अहो, त्यात काय, छतच तर आहे! आतून अस्तर लावा." मेव्हणा डेल्मर म्हणाला, "दाजी, छतच तर आहे! दोन दिवसांचं काम." तुम्हाला सांगतो, डेल्मरचे दोन दिवस म्हणजे... ऑक्टोबरात सुरू केलं, जानेवारी संपला! आधी प्लास्टिक ताणायचं, ते ताणलं की डेल्मरला भूक लागायची. मग खालून पांढरे पत्रे ठोकायचे. मी शिडीवर, पत्रा माझ्या डोक्यावर, आणि डेल्मर खाली उभा राहून विचारतोय, "दाजी, जड आहे का?"

शेवटचं काम वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. थंडी अडवायला या नव्या पत्र्यांच्या वर रद्दी कागदाचा भुसा भरायचा, हातभर जाड. तो फुंकायचं मशीन भाड्याने आणलं. डेल्मर खाली मशीनमध्ये भुसा टाकणार, मी वर, छप्पर आणि नव्या पत्र्यांच्या मधल्या पोकळीत, नळी धरून. मशीनचा आवाज असा की मी ओरडतो "पुरे!", त्याला ऐकू येतं "पुढे!" मी "थांब!", तो म्हणतो, "हो हो, लांब!" कमरेपर्यंत भुशात गेलो हो मी! कडेला सरकायला लागलो, तर कोपऱ्यातल्या पत्र्याला डेल्मरने आठ स्क्रूंऐवजी दोनच मारलेले. पत्रा कड्कन् वाकला, माझा उजवा पाय मांडीपर्यंत खाली, आणि शेजारून पोतंभर भुसा भस्सकन!

आणि खाली कोण उभं? काम बघायला आलेल्या एल्फ्रीडाबाई!

मशीन बंद. मी वर लटकलेला. नव्वदीची बाई... लागलं तर नाही? श्वास अडकला तर नाही? छतच तर आहे म्हणे! मी घाबरून हाक मारली, "सासूबाई?"

खालून एक आवाज आला. आधी खोकला वाटला. मग कळलं, हसतायत! सासरे गेल्यापासून सहा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. फटीतून पाहतो तर डोक्यापासून पायांपर्यंत करड्या झालेल्या, डोळ्यांतून पाणी, आणि माझा बूट दोन्ही हातांनी धरून म्हणतात, "डेल्मर, ये, बघ! जावईबापू पाहुणचाराला वरून आले!" डेल्मर म्हणतो, "आई, तुला लागलं का?" त्या म्हणाल्या, "गप रे, मला हसू दे!"

खरं सांगतो, पायाला आलेली कळ मी विसरलो.

रात्री पत्रा बसवला, आठही स्क्रू मी स्वतः मारले. दुसऱ्या दिवशी साठ माणसं, शेगडी, नव्वद मेणबत्त्या, आणि वरून एक थेंब नाही! एल्फ्रीडाबाईंनी मान वर करून छत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि केकचा पहिला तुकडा माझ्या ताटलीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

आता ती शेड इतकी उबदार झालीय की दर गुरुवारी सासूबाई आणि त्यांच्या सात मैत्रिणी तिथेच पत्ते कुटतात. काल मी कॉफीची किटली घेऊन दारात उभा राहिलो, तर आतून आठही जणी एकदम ओरडल्या, "दार लावा हो, ऊब बाहेर चाललीय!"

लावलं... बाहेरून.