पाट्याखालचे ठोकळे

—नाही, आधी ते ठोकळे काढा, मिस्त्री. स्प्रिंगच्या पाट्यांचं काय करायचं ते नंतर बघू, आधी ते दोन लोखंडी ठोकळे माझ्या डोळ्यांसमोर बाहेर येऊ देत. शी! बघा कसे बसवलेत — एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये, विटेएवढे. कशासाठी, तर गाडी मागून उंच दिसावी! काचा वाहणारी पिकअप हो, तिला काय कुठे मिरवायला न्यायचीय? पण आमच्या ह्यांना कोण सांगणार. शेजारच्या फर्निचरवाल्याने गाडी उंच करून घेतली ना, मग आमचीच का खाली बसलेली दिसते! काचांचं वजन पडल्यावर कुठलीही गाडी बसणारच, त्यात लाजायचं काय? पण नाही. आधी दोन पाटे काढून टाकले — म्हणे धक्के बसतात, कंबर धरते — आणि मग खाली हे घुसवले. ज्या गाढवाने हे बसवून दिलं ना, त्याच्या हातातून पाना काढून घेतला पाहिजे. — काय झालं? पडला? असू दे, उचला सावकाश. मी इथेच बसते स्टुलावर. तुमचे नुसते पायच दिसतायत मला, पण बोललेलं ऐकू येतंय ना? येत असेल तर हं म्हणा. — बरं, नका म्हणू.

आल्यापासून एकच वाक्य बोललात तुम्ही — ‘एक्सल पीळ खातोय.’ बस, संपलं, सरपटत गेलात गाडीखाली. पण बरोबर बोललात, कारण मी ते या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गोदामातून रस्त्याला लागताना एक चढ आहे, आखूड पण खडा. परवा गाडी भरलेली, हे चालवतायत, मी फाटक लावायला मागे उभी. ह्यांनी क्लच सोडला — आणि चाकाने पुढे जायचं, तर ते राहिलं बाजूला, एक्सलच जागच्या जागी गरकन फिरायला लागला! पाटा पुढून फुगला, मागून दबला, असा नागमोडी झाला, आणि खाडकन परत सरळ. परत नागमोडी, परत खाडकन. चाक जमिनीवर उड्या मारतंय आणि वर काचा अशा थरथरतायत की माझे दात शिवशिवले. मी आयुष्यभर काचांमध्ये राहिलेय, पण असा आवाज नव्हता ऐकला. अहो, साधी गोष्ट आहे, मलासुद्धा कळते — दांडी जितकी लांब तितका पीळ जास्त बसणार. एक्सल पाट्यापासून वीतभर लांब नेऊन ठेवला तर तो फिरणारच ना? कळतं मला. त्या गाढवाला नव्हतं कळलं.

आणि त्याच चढावर मागच्या महिन्यात काच फुटली. साधीसुधी नाही, दुकानाच्या दर्शनी भागाची, दोन माणसांनी हात पसरले तरी मावणार नाही अशी. चढावर गाडी उडाली, दोर घसरला, काच फळीवरून सुटून रस्त्यावर. आता हे काय करतात? खाली उतरतात, चाकाकडे बघत नाहीत, पाट्याकडे बघत नाहीत — सरळ त्या काचा बांधणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर जातात! हमालांसमोर, गिऱ्हाइकासमोर, समोरच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आलेली, त्यांच्यासमोर! ‘हातात जोर उरला नसेल तर घरी बसायचं. गाठ बांधायची सोडून झोपा काढता काय?’ आणि खिशातून चाकू काढून उरलेला दोर कापून त्याच्या पायाशी फेकला. किळस येते हो. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

त्या माणसाची गाठ! मिस्त्री, तुम्ही पाहायला हवी होती. सासऱ्यांच्या वेळेपासून काचा बांधतोय तो. आधी काचेला लोकरीचा जाड नमदा लावणार, मग दोर दोनदा फिरवणार, गाठ मारून झाली की बोटाने दोर टिचकावणार आणि कान लावणार. आवाज पसंत पडला नाही की सगळं सोडून पुन्हा. शेवटी काचेवर तळहात टेकून डोळे मिटून उभा. सगळे हसायचे — काका, नाडी लागली का? — आणि हात काढल्याशिवाय गाडी हलवायची कोणाची छाती नव्हती, सासऱ्यांचीसुद्धा. कधी म्हणून कधी टवका उडाला नाही काचेचा. आणि त्या दिवशी अण्णा खाली वाकले, तो कापलेला दोर गोळा केला, नीट गुंडाळला, आणि खांद्यावर टाकून चालू लागले ते —

— हो. अण्णा. माझे वडील आहेत ते. आता निघालंच आहे तोंडातून तर निघालं, लपवायचंय काय त्यात. सासऱ्यांच्या दुकानात काचा बांधायचे. मी त्यांचा डबा घेऊन यायचे, सासऱ्यांनी बघितलं, स्वतः घरी येऊन मागणी घातली. भला माणूस. लग्न झाल्यावर सगळे म्हणाले, आता व्याह्याच्या दुकानात हमाली शोभते का? तर अण्णा म्हणाले, बांधेन तर मीच बांधेन, दुसऱ्याच्या गाठीवर माझा जीव राहणार नाही. स्वतःचा स्वतः नियम केला — दुकानात ‘मालक’ म्हणायचं, घरी ‘जावईबापू’. दुकानात ह्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. इतकी वर्षं पाळलं. आणि आमचे हे असे की त्या दिवशी घरी येऊन मला सांगतात, ‘मी दुकानात जे बोललो ते मालक म्हणून बोललो, त्याचा घराशी संबंध नाही.’ वा! मखलाशी बघा. नियम त्यांचा, आणि पांघरून हे बसले!

आता अण्णा माझ्या भावाकडे असतात. मी जाते ना, तर काय बघते — खाटेच्या पायाला दोर बांधतात. टिचकावतात, कान लावतात, सोडतात. परत बांधतात. दिवसभर. मला म्हणाले, ‘माझीच गाठ सैल राहिली असेल गं. हात सांगत नाहीत आता पहिल्यासारखे.’ मिस्त्री, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माणसाची भाकरी गेली तर तो दुसरी शोधतो, पण याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच गेला! मी सांगितलं, अण्णा, गाडी उडते. तर म्हणाले, लेक आहेस, तू असंच म्हणणार. म्हणून आज हे बाहेरगावी गेलेत, ती संधी साधून गाडी घेऊन आले. त्या ठोकळ्यांवर बोट ठेवून दाखवते म्हणावं आता, हे बघा, हे होतं खाली, तुमची गाठ नव्हती.

— ह्यांचं काय? ह्यांनाही सांगणार ना! दाखवणार हे ठोकळे. सांगणार, जाऊन अण्णांचे पाय धरा. धरतील. खरं सांगू, मूर्ख आहे हो माझा नवरा, शेखी मिरवणारा आहे, चारचौघांत नाक वर पाहिजे — पण लबाड नाही. काच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन एकटेच कुठेतरी गेले होते. आले ते गप्प. जेवले नाहीत नीट, कूस बदलत राहिले. मी ओळखलं, मन आतून खात असणार. बोलून दाखवायची पद्धत नाही त्यांची. गाडीचा दोष आहे हे बिचाऱ्यांना माहीत नव्हतं, म्हणून खापर अण्णांवर फुटलं, एवढंच. तेवढ्या एका गोष्टीवर तर मी त्या घरात राहिलेय. मूर्खाबरोबर संसार करता येतो.

आलात बाहेर? झालं? दाखवा — हा नवीन होय, अर्धा पाटा? पाट्याच्या पुढच्या कडीपासून एक्सलपर्यंतच घातलात, मागे मोकळं. म्हणजे पुढचा भाग फुगायला गेला की हा दाबून धरणार. आणि काढलेले दोन्ही परत घातलेत. छान. गाडी बसली थोडी मागून, बसू दे, मालवाहू गाडी आहे, तिने बसावं. आणि ते ठोकळे? — काय? असं खाली बघून बोलू नका, ऐकू येत नाहीये.

— तुम्ही?

तुम्ही बसवले हे? इथेच? आणि मघापासून मी — बरं. बरं, बोला. सांगितलं होतंत तुम्ही ह्यांना, की उडेल? बसवायच्या आधीच? आणि ते हसले. हो, हसलेच असतील. मग तुम्ही बसवलेत तरी, गिऱ्हाईक म्हणेल तसं. — थांबा. परत आले होते म्हणजे? परत कधी? काच फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी? इथे? इथे आले होते ते!

काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा, सावरून घेऊ नका. तुम्ही म्हणालात, ठोकळ्यांमुळेच झालं, आत्ता काढून देतो. आणि ते म्हणाले…

‘राहू देत. लोकांसमोर बोलून बसलोय. आता काढले तर सगळे म्हणतील गाडीचाच दोष होता.’

असं म्हणाले.

— नको, पाणी नको. फोन ह्यांचाच आहे, वाजू द्या. ते ठोकळे पुसू नका! तसेच द्या, तेलकट. मागे नका टाकू, इथे, पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर. खराब होऊ दे सीट. — नाही, घरी नाही. अण्णांकडे. त्यानंतरचं मला विचारू नका, तुमचा काय संबंध? पाटे घातलेत, काम संपलं तुमचं. दार लावा. आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत मागे उभे राहून बघा, चाक उडतंय का. उडालं तर ओरडा. नाही उडालं तर गप्प बसा — ते तुम्हा सगळ्यांना छान जमतं.