टाकीतली ‘गाळी’

...आणि वर मलाच विचारतात, “पद्माकर, विमानं कशी उडतात हो तुमची?” आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! हलसूरच्या तळ्याजवळ, भर बारा वाजता, गाडी मी ढकलतोय, आणि हे आत स्टिअरिंग धरून बसलेत, डोळ्यांवर काळा चष्मा.

हे म्हणजे जयसिंगराव. इथल्या कानडी मुलखातल्या आमच्या विमान कारखान्यातले प्रशासनाचे साहेब. तुम्हाला सांगतो, या माणसाने जन्मात फायलीपेक्षा जड काही उचललेलं नाही, पण गाडी घेतली ती शर्यतीची. लाल, विलायती, आत जेमतेम दोन माणसं मावतात, तीही एकमेकांवर प्रेम असेल तरच. आमचं नाही.

मग ढकलत कशाला होतास, असं विचाराल. अहो, फ्युएल टेस्टच्या इनचार्जची जागा रिकामी, आठ वर्षं विमानांच्या पंपांचं प्रेशर तपासणारा मी, यादीत पहिलं नाव माझं, आणि सही कुणाची? यांची! दसरा झाल्यावर बोलावून घेतलं. “पद्माकर, येत्या रविवारी येलहंक्याच्या धावपट्टीवर शर्यत आहे. गाडीचं पेट्रोल-प्रेशर पडतंय. तेवढं बघा, मग तुमच्या जागेचं बघू.” बघू म्हणे. जसं काही मी यांच्याकडे पोरगी दाखवायला आलोय.

बरं, बिघाड तरी सरळ असावा? सुरुवातीला गाडी सुसाट. पाच मैल झाले, की प्रेशरचा काटा तीनवरून दोनवर, दोनवरून एकवर, पंप धापा टाकायला लागतो, आणि भर रस्त्यात बसकण. मी उतरायचं, टाकीचं झाकण काढायचं, वेळूची काठी घालून बघायचं... पेट्रोल भरपूर! झाकण लावायचं, बटण दाबायचं, की गाडी परत सुसाट. काही केलं नाही हो मी, नुसतं झाकण उघडून बघितलं. आणि घरी अंगणात झाकण उघडं टाकून दोन-दोन तास इंजिन चालवलं, तर काटा तीनवरून हलायला तयार नाही. साहेबांसमोर माझी अब्रू काढायची असं त्या गाडीनं ठरवलंच होतं. पंप खोलला, पॉइंट घासले, नळ्या फुंकल्या. तोंडात पेट्रोल, जेवणात पेट्रोल, ढेकरही पेट्रोलची. आणि रोज संध्याकाळी फोन. “काय इंजिनियर, विमानं कशी उडतात हो तुमची?”

शेवटी लाज गुंडाळून बसवनगुडीत नागण्णाकडे गेलो. म्हातारा मेकॅनिक, तोंडात पुढचे दात नाहीत, आणि कानडीखेरीज दुसरी भाषा नाही. माझं कानडी म्हणजे बेकु, बेडा, स्वल्प आणि सरी; पाहिजे, नको, थोडं आणि बरं. आठ वर्षांत एवढ्यावर संसार चाललाय, जास्त शिकायची गरज काय? त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, “गाळी, सार. गाळी प्रॉब्लेमु.”

गाळ! टाकीत गाळ साचलाय, दुसरं काय? मी म्हटलं, “सरी सरी,” आणि तो आणखी काही सांगत होता ते न ऐकता निघालो. घरी येऊन टाकी उतरवली. तीनदा धुतली. पेट्रोल गाळायला चहाची गाळणी घेतली, त्यावरून सुलभा, म्हणजे आमची ही, दोन दिवस बोलली नाही. गाळ निघाला किती? नखावर मावेल एवढा. तरी मनाची समजूत घातली, की विलायती गाडी आहे, नाजूक असेल.

रविवारी येलहंक्याला शर्यतीआधीची सरावाची फेरी. तिसऱ्या चकरेत गाडी बसली. भर पब्लिकसमोर जयसिंगराव ओरडले, “विमानं कशी उडतात हो तुमची?” निम्मी धावपट्टी हसली. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं, पण आधी यांना घ्यावं.

तेवढ्यात शर्यत बघायला आलेला नागण्णा पुढे आला. झाकण उघडलं. फुस्स्! झाकण उलटं केलं, त्याच्या बारीक भोकात काडी घातली, आणि आतून वाळलेल्या गंधाची पिवळी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. “गाळी, सार,” म्हणाला, आणि गाल फुगवून माझ्या तोंडावर फुंकर मारली.

वारा हो! कानडीत गाळी म्हणजे वारा, हवा! पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यायला हवी. भोकच बुजलं, तर पंप बिचारा ओढणार कुठून? हे मी नव्या भरतीला फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मी!

आणि गंध कुणाचं? आयुधपूजेला, पितांबर नेसून, गाडीच्या एकेका अवयवाला अंगठ्यानं गंध फासणाऱ्या जयसिंगरावांचं. ते समोर उभे. “काय निघालं?” माझ्या तोंडाशी आलं होतं, साहेब, तुमची भक्ती निघाली. पण जागा दिसायला लागली डोळ्यांपुढे. मी गोळी मुठीत दाबली आणि गप्प बसलो. नागण्णा कशाला गप्प बसतो? तो खरं ते बोलला, “गाळी, सार.”

“गाळ!” साहेब खूष. आठ वर्षं इथे तेही आहेत ना, कानडी माझ्याइतकंच! “मला वाटलंच होतं. पद्माकर, गाळातलं तुम्हाला बरंच कळतं हां!”

गाडी धावली. सहांत चौथी आली. आणि सोमवारी माझ्या टेबलावर पत्र. ‘गाळाच्या कामातील आपला अनुभव लक्षात घेता’ मला इनचार्ज केलंय... फ्युएल टेस्टचा नाही, टाक्या धुण्याच्या शेडचा. सुलभा म्हणाली, “अहो, बढतीच की ही!” आहे ना, बढतीच आहे. माणसं आपल्या कर्मानं गाळात जातात, मला सही-शिक्क्यानिशी पाठवलंय.